ऑनलाइन क्लासला पोरांची नजर मोजणारं ॲप – कुणी वापरलंय का?

शंभरफुटी

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला अकरावी-बारावी सायन्सचा फिजिक्सचा क्लास घेते. सकाळची बॅच वर्गात, संध्याकाळची ऑनलाइन. ऑनलाइनची पोरं जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागातली. त्यांना रोज एसटीनं सांगलीला येणं परवडत नाही, आणि शेवटची गाडी चुकली की घरच्यांचा जीव टांगणीला.

परवा एका कंपनीचा माणूस डेमो द्यायला आला. (नाव विचारू नका, सांगणार नाही.) त्यांचं ॲप मुलाच्या कॅमेऱ्यातून त्याची नजर कुठं आहे ते बघतं आणि माझ्या स्क्रीनवर प्रत्येकाच्या नावापुढं हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका दाखवतं. तास संपला की 'लक्ष इतके टक्के' असा अहवाल थेट पालकांच्या व्हॉट्सॲपवर.

डेमो माझ्याच संध्याकाळच्या बॅचवर झाला, पोरांना आणि घरच्यांना आधी सांगून. विषय पूर्ण आंतरिक परावर्तन. बॅचमधली सगळ्यात हुशार पोरगी तासभर लाल. का, तर ती मान खाली घालून वहीत आकृती काढत होती. दुसरा एक गडी सलग हिरवा. शेवटी त्याला विचारलं, काचेतून हवेत येणारा किरण बाहेर न पडता परत आत कधी फिरतो? म्हणाला, "मॅडम, आवाज तुटतोय." आवाज अजिबात तुटत नव्हता.

कंपनीवाला म्हणतो, वहीत बघण्याची सोय पुढच्या अपडेटमध्ये येतेय. मी म्हटलं, फिजिक्स वहीतच शिकतात हो.

पण सगळंच उडवून लावावं असंही वाटत नाही. त्यानं एक वेगळं चित्रही दाखवलं होतं: धड्याच्या पानावर नजर कुठं रेंगाळली, कुठून परत मागं आली, याचे रंगीत डाग. ते बघून वाटलं, उजळणी कुठं घ्यायची ते यातून कळेल की. तर कुणाला अनुभव आहे का? हे तंत्र खरंच किती चालतं? आणि पोरांवर असा कॅमेरा लावणं कायद्यात बसतं का?

चहाटळ

वाचतोय. आमच्या वेळी हे ॲप असतं तर मी सलग हिरवा आणि सलग नापास असतो.

मिरज_जंक्शन

मिरजेत डोळ्यांचा दवाखाना आहे माझा, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याला वाटतं आपण अख्खं पान एकदम स्पष्ट बघतो. तसं नसतं. दृष्टिपटलाच्या मधोमध फोव्हिआ नावाची चिमुकली जागा असते, बारीक अक्षर तिथंच वाचता येतं. तिचा आवाका जेमतेम दोन अंश. हात लांब करून अंगठा समोर धरा, त्याच्या रुंदीएवढंच काय ते स्वच्छ दिसतं, बाकी सगळं अंधुक. म्हणून डोळा सारखा उड्या मारत असतो. वाचताना नजर एका जागी साधारण पाव सेकंद थांबते आणि पुढं उडी घेते. उडी चालू असताना डोळ्याला जवळजवळ काही दिसत नाही, पण ते आपल्या लक्षातही येत नाही. आणि सगळ्या उड्या पुढंच असतात असंही नाही. इंग्रजी सराईतपणे वाचणाऱ्याच्याही शंभरातल्या दहा ते पंधरा उड्या उलट्या, मागच्या शब्दांवर जाणाऱ्या असतात. मजकूर अवघड झाला की त्या वाढतात. मॅडम, तुम्ही म्हणता त्या उजळणीच्या दृष्टीनं कामाची गोष्ट हीच आहे.

आता मोजायचं कसं? चांगल्या यंत्रात इन्फ्रारेडचे बारीक दिवे असतात. त्यांची चकाकी बुबुळावर पडते. बाहुलीचा मध्य आणि ती चकाकी यांच्यातलं अंतर नजर फिरेल तसं बदलतं, त्यावरून हिशेब. आधी पडद्यावर ठिपके दाखवून त्या त्या माणसाच्या डोळ्याशी यंत्र जुळवून घ्यावं लागतं. स्वीडनची टोबी ही कंपनी २००१ पासून हेच करते. परिस्थिती चांगली असेल तर अशा यंत्राची चूक अर्ध्या अंशाच्या आसपास राहते.

तुमच्या ॲपकडं यातलं काहीच नाही, फक्त साधा कॅमेरा. डोळ्याच्या फोटोवरून तो अंदाज बांधणार. ज्याला तिरळेपणा आहे, ज्याची एक पापणी खाली उतरलेली आहे, ज्याचे डोळे सतत थरथरतात, ज्याला जाड भिंगांचा चष्मा आहे, त्या पोराचा अंदाज चुकणार, आणि रोज चुकणार. माझ्याकडं अशी पोरं आठवड्याला येतात. त्यांच्या आईबापांना रोज रात्री लाल ठिपका पाठवायचा?

कुपवाडकर

डॉक्टरांनी पाया घातला, मी जरा आकडेमोड करतो. कुपवाड एमआयडीसीत मशीन व्हिजनचं काम करतो, म्हणजे कॅमेऱ्यानं पार्ट तपासणं.

लॅपटॉप डोळ्यांपासून साठ सेंटिमीटरवर असेल तर एक अंश म्हणजे पडद्यावर साधारण एक सेंटिमीटर. इन्फ्रारेड यंत्राची चूक अर्धा सेंटिमीटर, म्हणजे ओळ कुठली ते कळतं. वेबकॅमची चूक चार अंश धरली तर झाले चार सेंटिमीटर. तेवढ्यात पुस्तकाच्या सहा-सात ओळी बसतात. 'या व्याख्येवर मूल अडखळलं' असं वेबकॅम सांगूच शकत नाही. 'पडद्याच्या डाव्या वरच्या भागात बघत होतं' एवढं सांगेल.

मोबाइलचं वेगळं. २०१६ साली अमेरिकेत गेझकॅप्चर नावाचा मोठा डेटा गोळा केला, जवळपास साडेचौदाशे माणसांचा, आणि त्यावर मॉडेल शिकवलं. फोनवर सरासरी चूक सुमारे १.७ सेंटिमीटर आली. काम नावाजलेलं आहे, कष्टाचं आहे. पण फोनची रुंदीच सात सेंटिमीटर. मॅडम, तुमची निम्म्याहून जास्त पोरं फोनवरच असणार ना? तोही कशाला तरी टेकवून ठेवलेला, हळूहळू घसरणारा.

शिवाय उजेड. ट्यूबलाइट पाठीमागं असली की चेहरा काळा. खिडकी एका बाजूला असली की एक डोळा बरा, दुसरा गायब. आम्ही कारखान्यात एका वॉशरचा फोटो घ्यायला चार दिवे लावतो, तिथं जतच्या घरातल्या एका बल्बवर 'लक्ष ७३ टक्के' हा आकडा कुठून येतो ते मला त्या कंपनीवाल्याला विचारायचंय.

फुकटात बघायचं असेल तर ब्राउन विद्यापीठातल्या मंडळींनी २०१६ मध्ये काढलेलं वेबगेझर नावाचं नजर मोजणारं सॉफ्टवेअर आहे. ब्राउझरमध्येच चालतं, व्हिडिओ बाहेर पाठवत नाही. स्वतःच्या डोळ्यांवर लावून बघा. ठिपका नजरेच्या आसपास तरंगत राहतो, मान हलवली की भरकटतो.

माणदेशी_डाळिंब

सगळे शिकलेले लोक आहात, पण आमच्या बाजूनं कुणी बोलंना म्हणून लिहितो.

मी आटपाडीचा. दिवसभर बागेत. पोरगा अकरावीला, त्याच्या हातात साडेबारा हजारांचा फोन मीच दिलाय, क्लाससाठी. तो क्लासला बसतो का रील बघतो, मला काय कळणार? बायको विचारते तर "क्लास चालूय" म्हणतो. कानात हेडफोन. बागेत मी ओलावा मोजायचा सेन्सर बसवलाय, त्यानं पाणी वाचलं, रोग कमी झाला. मग पोराला सेन्सर लावला तर बिघडलं कुठं? थोडं चुकंल, पण काहीच न कळण्यापेक्षा बरं. फी आम्ही भरतो, पोटाला चिमटा काढून भरतो.

बारावीपार

काका, राग मानू नका. यंदाच बारावी झाली, दोन वर्षं ऑनलाइन क्लास केलाय म्हणून सांगतो.

मोजायला लागलं की पोरं मोजण्यापुरतं करतात. सरांच्या तोंडाकडं एकटक बघत बसायचं आणि डोक्यात मॅचचा स्कोअर. येतं ते सगळ्यांना. उलट अवघड गणित चालू असेल तर मी छताकडं बघतो, कायम. डोकं चालवताना समोरचं चित्र नकोच वाटतं. म्हणजे विचार केला की लाल, झोप काढली की हिरवा.

आणि कॅमेऱ्याचं सगळ्यात मोठं दुखणं कुणी बोललं नाही. आमचं घर दोन खोल्यांचं. मी ज्या कोपऱ्यात बसायचो त्याच्या मागं आईचा कट्टा. कॅमेरा चालू म्हटलं की आई स्वयंपाक सोडून बाहेर ओट्यावर जाऊन बसायची, चारचौघांना दिसायला नको म्हणून. भाकऱ्या क्लासनंतर. सांगलीतल्या पोरांना स्वतंत्र खोली असते, आम्हाला नव्हती. तासभर कॅमेरा चालू ठेवणं म्हणजे घर उघडं टाकणं.

माणदेशी_डाळिंब

हे ध्यानात नव्हतं आलं. आमच्याकडं पण तसंच हाय.

संपादक

ॲपचं नाव, कंपनीचा फोन नंबर विचारणारे आणि सांगणारे प्रतिसाद काढले आहेत. चर्चा चालू द्या.

अजिंक्यतारा

साताऱ्यात वकिली करतो. कायद्याचा प्रश्न आला म्हणून थोडक्यात.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालचा. त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल, म्हणजे तुमची अकरावीची सगळी बॅच आणि बारावीतली बरीचशी. कलम ९ म्हणतं, मुलाचा डेटा घ्यायचा तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. आणि त्याच कलमात पुढं मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागणुकीवर पाळत ठेवणं यालाच मनाई आहे. पालकांनी सही दिली म्हणजे सगळं माफ, असं नाही. याचं उल्लंघन झालं तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये.

नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यांत शिक्षणसंस्थांना सवलत दिली आहे: शैक्षणिक कामापुरता किंवा मुलांच्या सुरक्षिततेसाठी माग ठेवता येतो. खाजगी क्लास 'शिक्षणसंस्था' आहे का यावर उद्या कोर्टात दोन्ही बाजूंनी वकील उभे राहतील, मीही राहीन. पण मॅडम, तुम्ही संस्था ठरलात तरी ती ॲप कंपनी संस्था नव्हे. तिच्या सर्व्हरवर पोरांच्या डोळ्यांचा व्हिडिओ किती दिवस राहतो, कशाला वापरतात, काढून टाका म्हटल्यावर काढतात का, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासनाला किंमत शून्य. मुख्य तरतुदी लागू व्हायला नियमांनी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे म्हणून निवांत बसू नका, करार आत्ताच होतायत.

युरोपात तर फेब्रुवारी २०२५ पासून शाळा-कॉलेजात भावना ओळखणाऱ्या एआयवर बंदीच आहे. नजर कुठं आहे एवढंच मोजणं त्यात सरळ येत नाही. 'पोरगं कंटाळलंय' असा निष्कर्ष चेहऱ्यावरून काढला की येतं.

चहाटळ

२०० कोटी! शंभरफुटी मॅडम, सांगलीतला सगळा शंभर फुटी रस्ता विकला तरी भागायचं नाही.

जुना_विलिंग्डन

मानसशास्त्र शिकवण्यात हयात गेली, निवृत्त आहे. हुशार पोरगी लाल आणि गडी हिरवा, हे वाचून मजा वाटली, कारण या विषयातला जुना वाद नेमका तोच आहे.

१९८० साली जस्ट आणि कार्पेंटर या अमेरिकी जोडीनं मांडलं की डोळा ज्या शब्दावर आहे, मनही त्याच शब्दावर काम करत असतं. वाचनाच्या संशोधनाला यानं मोठी चालना मिळाली. ढोबळमानानं खरंही आहे. पण त्याच्याही आधी रशियात यार्बस यांनी एक प्रयोग केला होता. रेपिन या चित्रकाराचं एकच चित्र माणसाला दाखवायचं आणि दर वेळी प्रश्न वेगळा विचारायचा. 'यातल्या माणसांची वयं सांगा' म्हटलं की नजर चेहऱ्यांवरून फिरे. 'घरची सांपत्तिक स्थिती कशी' म्हटलं की कपडे आणि सामानाकडं. चित्र तेच, डोळे तेच, वाट निराळी. नजर कुठं गेली हे डोक्यात प्रश्न कोणता आहे यावर ठरतं. मुलाच्या डोक्यात प्रश्नच नसेल तर नजर मोजून काय हाती लागणार?

मन भरकटल्यावर डोळ्यांचं काय होतं, हे रायकल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तपासलं. माणूस वाचत राहतो, डोळे ओळीवरून चालत राहतात, मन मात्र भलतीकडं. अशा वेळी नजरेचे थांबे लांबतात, आणि एरवी सोप्या शब्दावर कमी आणि अवघड शब्दावर जास्त असा जो फरक असतो तो बोथट होतो. म्हणजे खूण सापडते, पण ती नजर पडद्यावर आहे की नाही यात नसते. ती थांब्यांच्या बारीक लयीत असते, आणि ती लय पकडायला डॉक्टरांनी सांगितलेलं महागडं यंत्र लागतं.

लक्ष वळवण्याचेही प्रयोग झालेत. सिडनी डी'मेलो आणि मंडळींनी २०१२ मध्ये एक संगणकी शिक्षक बनवला. विद्यार्थ्याची नजर काही सेकंद पडद्याबाहेर राहिली की तो हटकायचा. नजर परत यायची. पण शिकण्यातला फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही, मुलाच्या मूळच्या तयारीवर अवलंबून राहिला.

मला स्वतःला सगळ्यात भावलेलं काम स्वित्झर्लंडमधल्या लोझानचं. तिथं शर्मा, येरमान, डिलनबूर्ग यांनी ऑनलाइन व्याख्यान बघणाऱ्याची नजर शिक्षकाच्या बोलण्याशी ताडून पाहिली. शिक्षक ज्याबद्दल बोलतोय, मूल तिकडं बघतंय का? म्हणजे मोजमाप एकट्या मुलाचं राहत नाही, दोघांचं होतं. मूल मागं राहिलं तर ते मुलाचंच बिनसलं असेल कशावरून? शिक्षकानं नीट बोट दाखवलं नसेल.

तेव्हा मॅडम, ठिपके विसरा. ते रंगीत डाग मात्र सोडू नका.

ओट्यावरची

नजर मोजण्याला सरसकट झोडपू नका एवढीच विनंती. साताऱ्यात विशेष मुलांसोबत काम करते. सेरेब्रल पाल्सी असलेली काही मुलं नजरेनंच टाइप करतात, पडद्यावरच्या अक्षरावर नजर रोखायची आणि अक्षर उमटतं. हात साथ देत नाहीत, बोललेलं दुसऱ्यांना कळत नाही, अशा मुलानं पहिल्यांदा स्वतःचं उत्तर स्वतः दिलं की आई रडते. ॲपलनं २०२४ मध्ये आयओएस १८ पासून आयफोन-आयपॅडमध्ये ही सोय दिली आहे, वेगळं यंत्र लागत नाही. तिथं नजर मुलाच्या ताब्यात असते. मुलाला दिसतं काय चाललंय, नको असेल तर बंद करता येतं.

बाकी ज्या मुलांना एका जागी बसणं जमत नाही त्यांनाही हा लाल ठिपका म्हणजे रोजची शिक्षाच. डॉक्टरांचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

शंभरफुटी

सगळ्यांचे आभार. कंपनीला 'नको' म्हणून कळवलंय. पण विलिंग्डनवाल्या सरांनी डोक्यात किडा सोडला. कुपवाडकरांनी एका इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांकडून इन्फ्रारेड पट्टी (डॉक्टरांनी सांगितलेलं ते नजर मोजायचं यंत्र) मिळवली आणि माझ्या काही जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं, सगळे अठरा पूर्ण. माझं भिंगाच्या आकृत्यांचं रेकॉर्डिंग त्यांना दाखवलं. पुढचं कुपवाडकरांनीच लिहावं, पट्टीशी तेच झगडत होते.

कुपवाडकर

लिहितो. आधीच सांगतो, हे संशोधन नव्हे, पाच-सहा पोरं आणि एक उधारीची पट्टी. फाइल माझ्या लॅपटॉपवरच, आणि ज्याची त्याला दाखवून झाली की पुसली.

सुरुवातीचा बराच वेळ जुळवणीत गेला. पडद्यावर नऊ ठिपके एकामागून एक येतात, मान न हलवता प्रत्येकाकडं बघायचं. एक पोरगी दर ठिपक्याला मानही फिरवायची. शेवटी हनुवटीखाली दोन जाड पुस्तकं ठेवली, तेव्हा जमलं.

आता व्हिडिओ. डावीकडं बहिर्वक्र भिंगाची आकृती, उजव्या खालच्या कोपऱ्यात मॅडमचा चेहरा. मॅडम म्हणतात, "आता बघा, हा किरण भिंगातून गेल्यावर मुख्य नाभीतून जातो." त्या क्षणी सगळ्यांची नजर कुठं? मॅडमच्या चेहऱ्यावर. 'हा किरण' म्हणताना पेन हललेला नाही, पडद्यावर हलतंय ते फक्त मॅडमचं तोंड. मग नजर आकृतीकडं येते, वरच्या किरणावर जाते, मधल्यावर, परत वर, तेवढ्यात मॅडम प्रतिमेवर पोचलेल्या. पुढं एका ठिकाणी मॅडम पेननं किरण ओढत ओढत बोलतात. तिथं सगळ्यांच्या नजरा पेनच्या टोकाला चिकटलेल्या, एकही रेष इकडंतिकडं नाही. दोन तुकडे शेजारी लावून बघितले तर एकाच शिक्षिकेचे वाटत नाहीत.

दुसरी गोष्ट चिन्हांच्या संकेताच्या पानावर सापडली, कुठलं अंतर धन, कुठलं ऋण. नजर खाली उदाहरणापर्यंत जाते आणि परत वर नियमाकडं येते, पुन्हा खाली, पुन्हा वर. ज्याचं त्याला चित्र दाखवून विचारलं, इथं काय चाललं होतं? एक म्हणाला, "उदाहरणात उणे पंधरा का घेतलं ते शोधत होतो." जतची पोरगी म्हणाली, तिला नियम कळला होता, पण 'ऑपोझिट टू द इन्सिडंट लाइट' हे वाक्यच तीनदा वाचावं लागलं. घरी कन्नड, दहावीपर्यंत मराठी, आणि अकरावीला एकदम इंग्रजी. पडद्यावर दोघांचे डाग सारखेच लाल होते, कारणं संपूर्ण वेगळी. विचारल्याशिवाय कळायचा मार्ग नव्हता.

जुना_विलिंग्डन

वा! डाग दाखवायचा आणि विचारायचं, एवढंच करा. आणि त्या मुलीच्या वाक्याचं मराठी पानावर बाजूला छापा.

शंभरफुटी

छापलं. आकृती चालू असताना माझा चेहरा काढून टाकलाय आणि पेन हातातून सोडत नाही. नवऱ्याचं म्हणणं व्हिडिओ आता जास्त बघणेबल झालाय.

उजळणीचंही ठरवलंय. प्रत्येक पोराच्या डोळ्यावर यंत्र लावायची गरज नाही. जुन्या पोरांच्या डागांवरून अडखळायच्या जागा कळल्यात, त्या जागी व्हिडिओ थांबवून एक प्रश्न टाकते. आणि पोरांना सांगितलंय, धडा वाचताना जिथून मागं फिरावं लागलं तिथं समासात पेन्सिलनं बाण काढा. शनिवारच्या उजळणीत फक्त बाणांच्या जागा घेणार.

माणदेशी_डाळिंब

ते सगळं ठीक. माझा प्रश्न तिथंच हाय. पोरगा बसतो का नाही, मला कसं कळणार?

जुना_विलिंग्डन

तुमचा प्रश्न रास्त आहे. त्यावर एक चांगला प्रयोग आहे, २०१३ सालचा, हार्वर्डचा. ऑनलाइन व्याख्यानाचे छोटे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यानंतर एका गटाची लहानशी चाचणी घेतली. चाचणीवाल्या गटात मन भरकटणं जवळपास निम्म्यावर आलं आणि टिपणं वाढली. कॅमेरा नाही, काही नाही. दर पाच-सहा मिनिटांनी प्रश्न येणार हे माहीत असलं की पोरगं आपोआप जागं राहतं. त्या उत्तरांचा कागद मॅडम तुम्हाला पाठवू शकतील.

शंभरफुटी

पाठवीन की. आणि भाऊ, त्याबरोबर वहीच्या पानाचा फोटोही, बाणांसकट. रात्री आठला ग्रुपवर नाही, फक्त तुम्हाला.

माणदेशी_डाळिंब

वहीचा फोटो चालंल. लिवलंय का नाही ते मला कळतं. बाण नसला तर विचारीन, सगळंच कसं काय समजलं रं तुला?

झूमग्रस्त

उशिरा आलो धाग्यावर. अवांतर: झूममध्येही लक्ष मोजायची सोय होती. कुणी स्क्रीन शेअर करत असताना तुमची झूमची खिडकी तीस सेकंदांहून जास्त मागं गेली की यजमानाला खूण दिसायची. लोकांनी खाजगीपणावरून ओरड केली आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांनी ती काढून टाकली. तेव्हा आमचे साहेब फार हळहळले होते.

आता कामाचं: कुपवाडकर, तुम्ही सांगितलेलं वेबगेझर घरी लावलं. चष्मा घातला की ठिपका थेट पडद्याबाहेर जातो. चष्मा काढला तर मला पडदाच दिसत नाही. काही उपाय?

मिरज_जंक्शन

तुमच्या काचेत खिडकी नाहीतर ट्यूब दिसत असणार, कॅमेरा तिलाच डोळा समजतोय. दिवा समोरून घेऊन जरा वर आणि बाजूला सरकवा, लॅपटॉप थोडा उंच ठेवा, पडद्याचा उजेड कमी करा. चष्म्याच्या दांड्या कानापाशी किंचित उचलल्या तर काचा खाली झुकतात आणि चकाकी बाजूला जाते. नवीन चष्मा करणार असाल तर चकाकी कमी करणारं कोटिंग घ्या, रात्री गाडी चालवायलाही बरं पडतं.

झूमग्रस्त

लॅपटॉपखाली दोन टेलिफोन डिरेक्टऱ्या सरकवल्या, आता ठिपका निदान पडद्यावर आहे. कुपवाडकर, पुढच्या वेळी पट्टी आणाल तेव्हा मलाही कळवा, माधवनगरातच असतो.